डोळे मिटून कानउघाडणी

ख्रिस्ती माणूस भांडत नाही, तो प्रार्थना करतो. हे कुणी आमचं कौतुक समजू नये. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी चर्चमध्ये ओळीने चार रविवार बसून बघा, मग कळेल. जे तोंडावर बोलायला माणूस दहादा कचरेल, ते तो हात जोडून, डोळे मिटून, भर मंडळीत परमेश्वराला उद्देशून खुशाल बोलतो. ज्याच्याविषयी बोलणं चाललेलं असतं तोही तिथेच, तिसऱ्या बाकावर, डोळे मिटून बसलेला असतो. त्याला उत्तर देता येत नाही, कारण त्याच्याशी कुणी बोलतच नसतं. उठूनही जाता येत नाही, कारण प्रार्थनेतून उठून गेलेला माणूस उभ्या आयुष्यात पुन्हा पास्टोरेट कमिटीवर निवडून येत नाही.

"हे सर्वज्ञ पित्या, तुला सगळं ठाऊक आहे," अशी सुरुवात झाली की जाणकार मंडळी सावरून बसतात. पित्याला जे ठाऊक आहे ते आता त्याला सविस्तर सांगितलं जाणार असतं. "तुला ठाऊक आहे प्रभू, मागच्या मीटिंगला कंपाउंडच्या भिंतीचा विषय निघाला होता. तीन कोटेशनं मागवायची असं ठरलं होतं, हेही तू जाणतोस. आणि प्रभू, ती कोटेशनं अजून कुणी मागवलेली नाहीत, हेही तुझ्यापासून लपलेलं नाही." इथे सेक्रेटरीसाहेब खाकरतात. प्रार्थना करणारे काका मग एकदम दयाळू होतात. "तरी प्रभू, त्याला क्षमा कर. त्याच्यामागे स्वतःची कामं फार आहेत." नाव घेतलेलं नाही. नाव घेणं आमच्या शिष्टाचारात बसत नाही. अख्ख्या मंडळीत सेक्रेटरी एकच असल्यामुळे त्याची गरजही पडत नाही.

पुढच्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेची पाळी सेक्रेटरींची असते. जगातली युद्धं, राज्यकर्ते, आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेली मुलं असं सगळं रीतसर आटोपून ते हळूच म्हणतात, "आणि प्रभू, ज्यांची वर्षभराची वर्गणी थकलेली आहे, पण ज्यांना मंडळीच्या भिंतीची फार काळजी आहे, अशांनाही तू आठव." त्यावर मागून आलेलं "आमेन" इतकं दणदणीत असतं की ते खजिनदारांचं आहे हे डोळे न उघडता समजतं.

"आमेन"चे प्रकार हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय. एक "आमेन" असतं सहमतीचं, लांबवलेलं. एक असतं नाइलाजाचं, ओठांतल्या ओठांत. एक मध्येच येतं, "होय प्रभू, होय प्रभू" करत. ते बहुधा जे बोललं जातंय ते आधीपासून ठाऊक असणाऱ्याचं असतं. आणि एक असतं घाईचं. प्रार्थना करणारा श्वास घ्यायला थांबला की ते पडतं, या आशेने की संपलं असावं. संपलेलं नसतं.

प्रार्थना थांबवण्याचा अधिकार कुणालाच नाही, ही आमच्या घटनेतली मोठी त्रुटी. भाषण करणाऱ्याला चिठ्ठी पाठवता येते. गाणाऱ्याचा माइक बिघडू शकतो. उपदेश लांबला तर भिंतीवरच्या घड्याळाकडे वळून बघता येतं. पण डोळे मिटून देवाशी बोलणाऱ्या माणसाच्या खांद्याला हात लावून "बास की दादा" असं म्हणायची छाती अजून कुणाची झालेली नाही. काही जुने ऑर्गनवादक हलकेच एक सूर धरतात. त्याने मुरलेला प्रार्थक आणखी भावुक होतो आणि पाच मिनिटं वाढतात.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने याविषयी स्पष्ट सांगून ठेवलेलं आहे. चवाठ्यावर उभं राहून दाखवायला करू नका, आत जा, दार लावून घ्या, शब्दांची खैरात करू नका. एवढ्यावर न थांबता लगेच नमुनाही दिला, आणि तो सावकाश म्हटला तरी अर्ध्या मिनिटात संपतो. आम्ही तो नमुना मनापासून जपला आहे. लांबलचक प्रार्थना एकदाची आवरली की शेवटी सगळे मिळून तो म्हणतो.

पण टोमण्याच्या प्रार्थनेलाही शास्त्राधार आहेच. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी मंदिरात उभा राहून देवाचे आभार मानतो. कशाबद्दल, तर आपण इतरांसारखे नाही, आणि विशेषतः तो पलीकडे उभा आहे ना, त्या जकातदारासारखे तर नाहीच नाही, याबद्दल. जकातदार हाकेच्या अंतरावर होता. त्याला ऐकू गेलं असणारच. हा दाखला आमच्याकडे दर वर्षी वाचला जातो, त्यावर उत्तम उपदेश होतो, आणि उपदेशानंतरच्या प्रार्थनेत कुणीतरी हमखास म्हणतं, "प्रभू, आपल्या मंडळीत जे परूशी आहेत त्यांचे डोळे उघड." तेव्हा सगळ्यांचेच मिटलेले असतात.

घरोघरच्या प्रार्थनासभांना ही कला आणखी बहरते. तिथे साखळी प्रार्थना असते, म्हणजे गोल बसायचं आणि एकानंतर एकाने थोडक्यात प्रार्थना करायची. सासूबाई सुरू करतात, "प्रभू, सकाळी लवकर उठून तुझं नाव घ्यावं अशी बुद्धी आमच्या घरातल्या सगळ्यांना दे." शेजारी सून. ती शांतपणे म्हणते, "प्रभू, ज्यांना रात्री झोप लागत नाही आणि म्हणून जे पहाटे चारपासून भांडी वाजवतात, त्यांना गाढ झोप दे." त्यानंतर सासरे. ते म्हणतात, "प्रभू, शांती दे. आमेन." त्या संध्याकाळची सगळ्यात कळकळीची प्रार्थना ती.

आणि या वर्तुळात, उत्तम खुर्चीवर, पाळकसाहेब बसलेले असतात. बाकी सगळे सतरंजीवर. खुर्ची मानाची असते, पण तिथून सुटका नसते. शेवटची समारोपाची प्रार्थना त्यांची. सासूचं लवकर उठणं, सुनेची भांडी, सासऱ्यांची शांती, मधल्या आत्याबाईंनी काढलेला जमिनीच्या वाटणीचा विषय, हे सगळं त्यांना एका गाठोड्यात बांधून देवापुढे ठेवायचं असतं आणि ते अशा खुबीने की प्रत्येकाला वाटावं, साहेब आपल्याच बाजूने बोलले. सेमिनरीत तरुणांना हिब्रू शिकवतात, ग्रीक शिकवतात, मंडळीचा इतिहास शिकवतात. समारोपाची प्रार्थना शिकवत असल्याचं मला कुणी पाळकाने सांगितलेलं नाही. ती ते पहिल्या नेमणुकीच्या गावी शिकतात, घाम पुसत.

उपदेशाचं गणित याच्या बरोबर उलटं चालतं. प्रार्थनेत माणूस देवाशी बोलतो आणि ते शेजाऱ्याला लागतं. उपदेशात पाळक सगळ्यांना सांगतो आणि ते प्रत्येकाच्या मते शेजाऱ्यालाच लागू असतं. आमच्या एका पाळकसाहेबांनी याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर, म्हणजे जिभेच्या वापरावर, कडक उपदेश केला. उपासना संपल्यावर दारात हस्तांदोलन. पहिल्या काकांनी हात दाबून धरला. "सलाम साहेब! बरं झालं आज बोललात. काही लोकांना ऐकवायलाच हवं होतं." आणि हनुवटीने मागच्या मावशींकडे निर्देश. मावशी आल्या. "सलाम साहेब! बरं झालं बोललात." त्यांची नजर गायकमंडळाच्या पुढारणीकडे. पुढारीण आल्या, त्यांची नजर खजिनदारांकडे. खजिनदार आले, आणि त्यांनी डोळ्यांनीच पहिल्या काकांकडे खूण केली. साहेब नंतर म्हणाले, निदान उपदेश सगळ्यांपर्यंत पोचला, फक्त एक घर पुढे सरकून.

उपदेश किती वेळ चालावा याबद्दल धर्मशास्त्राचं म्हणणं काहीही असो, रविवारी आमच्याकडे घरोघरी मटण असतं. कुकर लावायचा की परत येऊन लावायचा हे उपदेशाला कोण उभं राहणार यावर ठरतं. बाहेरचे पाहुणे वक्ते असले तर परत येऊन. या बाबतीत थोरामोठ्यांचाही अनुभव फारसा बरा नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय विसावा: संत पौल त्रोवस गावी मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगत पेंगत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तर मेलेला. पौलाने खाली जाऊन त्याला जिवंत केलं, मग वर आला, जेवला, आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलला. जगातल्या सगळ्या उपदेशकांचा स्वभाव या एका गोष्टीत आला. अमेरिकन मिशनरींनी आमच्या खेड्यापाड्यांतली चर्चं बैठी का बांधली असावीत, याचाही उलगडा मला इथेच होतो.

हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाण मांडलं. त्यांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले, १८४२ साली 'ज्ञानोदय' दिलं. त्यांच्या पंगतीला कमिटी, ठराव, अनुमोदन आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं हेही आलं. मराठी माणूस मुळात मीटिंगचा भुकेला. त्याने या गोष्टी अशा काही उचलल्या की त्या सुवार्तेपेक्षा लवकर रुजल्या. इतिवृत्ताची सवय पुढे प्रार्थनेतही उतरली, एवढंच.

गाण्यांचं मात्र तसं झालं नाही. ऑर्गनवर विलायती चालीत बसवलेली भाषांतरित गीतं मंडळी इमानेइतबारे म्हणत असे, पण सूर कुठे घट्ट, कुठे सैल, आणि यमक जुळवताना मराठीचे हाल. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ओव्या, अभंग, भजनं लिहून हा घोळ बराचसा निस्तरला. चर्चमध्ये टाळ आले, पेटी आली, तबला आला. आज त्या भजनांवर डोळे मिटून डोलणारी ज्येष्ठ मंडळी तरुणांच्या कीबोर्ड आणि ड्रमसेटला विरोध करतात, आणि कारण काय, तर असली वाद्यं आपल्या परंपरेत नाहीत. मागच्या नाताळात तरुण संघाने दोन गाणी ड्रमवर म्हटली, त्यावर एका आजोबांची प्रार्थना अशी झाली: "प्रभू, आमच्या तरुणांच्या उत्साहाबद्दल तुझे आभार. आमच्या कानांचं रक्षण कर." तरुण संघाने "आमेन" म्हटलं नाही. त्यांना ते ऐकूच गेलं नव्हतं. स्पीकर त्यांच्याच बाजूला होता.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात काही जण तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे, काही जण मोठेपणी पाण्यात बुडवूनच देणारे. यावर तोडगा निघाला की दोन्ही पद्धती चालतील. भांडण मिटवायची ही अगदी आपल्या मातीतली रीत: दोघांचंही बरोबर. कागदावर एक होऊन अर्धं शतक उलटलं, तरी नगरकडच्या लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे म्हातारे चहाचा कप खाली ठेवून अजून विचारतात, "तसे आपण एकच हो. पण मूळचे कुणाकडचे? अमेरिकन मिशनचे, की एस.पी.जी. मिशनचे?"

पाळकाच्या कामाचा अधिक भाग मात्र चर्चच्या बाहेर, चहाच्या कपांतून जातो. गृहभेटी. एका सकाळी चार घरं म्हणजे चार चहा, नाही म्हटलं तर "आमचा चहा चालत नाही का साहेब?" आधी कुणाकडे गेले, नंतर कुणाकडे, किती वेळ बसले, पोहे कुणाकडे खाल्ले, ही माहिती साहेबांच्या मोटारसायकलपेक्षा पुढे पळते. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू मार्था आणि मरीया यांच्या घरी गेला, तेव्हा मरीया पायाशी बसून ऐकत होती आणि मार्था स्वयंपाकाच्या धांदलीत होती. प्रभूने मरीयेचं बरोबर ठरवलं. पण मराठी घरात मार्थाच जास्त. साहेब स्तोत्र वाचू लागले की आतून आवाज येतो, "तुम्ही वाचा, मला इथून ऐकू येतंय." कांदा चिरल्याचा वास येऊ लागतो. म्हणजे जेवूनच जावं लागणार.

वाचायला घरातलं पवित्र शास्त्र आणतात. ते नुसतं शास्त्र नसतं, घराचं दप्तर असतं. पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या अक्षरात सगळ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. पुढे उत्पत्तीत विम्याच्या पावत्या, शमुवेलात रेशनकार्डाची झेरॉक्स. तेविसावं स्तोत्र काढायला जावं तर गॅसची पावती मांडीवर पडते. सगळ्यात लांब ते एकशे एकोणिसावं, एकशे शहात्तर ओव्यांचं स्तोत्र. तिथे सहसा कुणी जात नाही, म्हणून जमिनीचा सातबारा तिथे. मुलाच्या शाळेसाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा असला आणि चर्चच्या नोंदवहीला वाळवी लागलेली असली, की पाळकसाहेब स्वतःच ते पहिलं पान बघायला येतात. मला हा पुस्तकाचा अनादर कधी वाटला नाही. जे हरवून चालणार नाही ते माणूस तिथे ठेवतो.

प्रार्थनेसाठी बोलावणं कशाचंही येतं. नवी मोटारसायकल, नवा ट्रॅक्टर, मुलाची बारावी, म्हशीचं वेत. बोअरसाठी तर हमखास. आमच्या भागात पाऊस बेताचा, तेव्हा बोअर घ्यायचा म्हणजे घरातल्या लग्नाइतका खर्च आणि तेवढीच धाकधूक. एका शेतात साहेबांना बोलावलं. ते पोचले तर तळहातावर नारळ घेऊन पाणाड्या आधीच शेतात फिरत होता. यजमान जरा ओशाळले. म्हणाले, "साहेब, जागा तो दाखवेल, पाणी तुम्ही आणा." साहेबांनी प्रार्थना केली. मशीन लागलं. पाणी लागलं तेव्हा गावभर झालं की पाणाड्या पक्का आहे. यजमानांच्याच भावाच्या शेतात पुढे तीच जोडी गेली आणि अडीचशे फुटांवरही नुसता फुफाटा निघाला, तेव्हा गावभर झालं की साहेबांच्या प्रार्थनेत हल्ली पूर्वीसारखा जोर राहिला नाही.

एवढं करून पाळकाचा पगार किती, हे विचारू नये. तो कमिटीतही कुणी विचारत नाही. त्यांच्या पत्नींना तर पगारही नसतो. मंडळीत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. संडे स्कूल बाईंकडे, महिला मंडळ बाईंकडे, नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळांच्या घोंगड्या बाईंकडे, ऐनवेळी आलेल्या बिशपसाहेबांचा स्वयंपाक बाईंकडे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त, पुढचामागचा विचार न करता हातातलं देऊन टाकणाऱ्या आणि वाटेल तेव्हा वाटेल त्याला घरी आणणाऱ्या नवऱ्याचा संसार कसा रेटला, ते हसत हसत लिहून ठेवलंय. ते हसू वाचकाला फुकट मिळतं, तिला महागात पडलेलं होतं. मंडळीच्या प्रार्थनेत बाईंचा उल्लेख शेवटी येतो: "आणि बाईंनाही आशीर्वाद दे."

आता हंगामाचा सण. आमच्या मंडळीचा खरा चेहरा बघायचा तर नाताळ नको, तो दिवस बघा. वेदीपुढे बाजरीची कणसं, उसाच्या मोळ्या, भोपळे, शेवग्याच्या शेंगा, लोणच्याच्या बरण्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपकारस्तुती होते, उपदेश होतो, मधूनमधून कोंबड्याही बोलतात. आशीर्वाद झाला की मंडळी अंगणात येते आणि लिलाव सुरू होतो.

इथे भाव बाजाराचे नसतात. बाजार समितीच्या कुठल्याही व्यापाऱ्याला हा हिशेब समजणार नाही. समजा, एक दुधी भोपळा आला. पहिली बोली वीस रुपये. दुसऱ्याने पन्नास म्हटलं. इथवर भोपळ्याचा लिलाव चालू असतो. मग वर्गणीवरून ज्यांचं फाटलं आहे ते काका मागून म्हणतात, "शंभर." सेक्रेटरी, न बघता, "दोनशे." आता भोपळा बाजूला पडला. "तीनशे." "पाचशे." बायका आपापल्या नवऱ्यांचे शर्ट मागून ओढू लागतात. "एक वार... दोन वार..." पुकारणारा पण मुद्दाम रेंगाळतो, कारण छपराची दुरुस्ती व्हायची आहे. "सातशे!" काका जिंकतात. टाळ्या. काका तो सातशेचा भोपळा उचलतात, चार पावलं चालतात आणि सेक्रेटरींच्या लहान मुलीच्या हातात देतात. "घे. आईला म्हणावं, हलवा कर." सेक्रेटरी म्हणतात, "सलाम काका." काका म्हणतात, "सलाम." कंपाउंडच्या भिंतीची कोटेशनं त्याच आठवड्यात आली.

त्याच लिलावात एक म्हातारी दर वर्षी चार अंडी आणते. स्वतःच आणते आणि स्वतःच बोली लावून सोडवते, कारण घरी नातू अंड्यासाठी अडून बसलेला असतो. तिच्या बोलीवर कुणी बोली चढवत नाही. हे कुठल्या ठरावात नाही, कुठल्या इतिवृत्तात नाही. एका वर्षी बाहेरून आलेल्या पाहुण्याने भाबडेपणाने "पंधरा!" म्हटलं, तेव्हा अख्ख्या मंडळीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो उरलेला लिलाव मोटारीत जाऊन बसला. विधवेच्या दोन टोल्यांवर मी बरेच उपदेश ऐकले. त्यांतला एकही मला या पाहुण्याच्या चेहऱ्याइतका लख्ख आठवत नाही.

बारा-बारा मिनिटं प्रार्थना करणारे हेच काका मी सिव्हिल हॉस्पिटलच्या जिन्यापाशीही पाहिले आहेत. आत पत्नीचं ऑपरेशन चाललेलं. पाळकसाहेब म्हणाले, "काका, तुम्हीच प्रार्थना करा." काकांनी डोळे मिटले, "प्रभू," म्हणाले, आणि पुढे काही आलंच नाही. सर्वज्ञ पित्याला सांगण्यासारखी एकही माहिती त्यांच्यापाशी नव्हती. साहेबांनीही काही जोडलं नाही. दोघं तसेच उभे, जिना अडवून, शेवटी स्ट्रेचरवाला ओरडला, "ओ मामा, बाजूला व्हा!" काकू बऱ्या झाल्या. पुढच्याच रविवारी काकांनी उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत हॉस्पिटलच्या कँटीनच्या चहापर्यंत सगळं देवाला कळवलं आणि थकबाकी भरून काढली.

पाळकाने स्वतःचं गाऱ्हाणं कुणापुढे मांडायचं? मोशेची अवस्था बघा. गणना, अध्याय अकरावा. लोकांना गुलामीतून सोडवून आणलं, आकाशातून मान्ना मिळतोय, आणि लोक रडताहेत कशासाठी, तर मिसरात मासे मिळायचे, काकड्या मिळायच्या, कांदे आणि लसूण मिळायचा. आमच्या नगरच्या माणसाला त्या इस्राएलांचं दुःख चटकन समजतं. कांदा नाही म्हणजे ते जेवण कसलं. मोशे मात्र वैतागून देवाला विचारतो की ही सगळी प्रजा मी पोटातून जन्माला घातली का, म्हणून मी हिला कडेवर घेऊन हिंडू? पुढे तर म्हणतो, यापेक्षा मला मारूनच टाक. आमच्या पाळकांनी हा अध्याय कधी मोठ्याने वाचलेला मी ऐकला नाही. पण त्यांच्या शास्त्रात त्या पानाचा कोपरा दुमडलेला असतो, एवढं बघून ठेवलंय.

तरी पाळकही शेवटी आमच्यातलाच माणूस. पावसाळ्यात पाळकनिवास गळत होतं. साहेबांनी दोन अर्ज दिले, कमिटीने ते "विचारार्थ" ठेवले. तिसऱ्या महिन्यात साहेबांनी अर्ज दिला नाही. भर उपासनेत प्रार्थना केली: "हे दयाळू पित्या, तू या वर्षी चांगला पाऊस दिलास, तुझे आभार. शेतांवर दिलास, विहिरींवर दिलास. तुझ्या सेवकाच्या स्वयंपाकघरातही दिलास, आणि त्याच्या मुलाच्या अंथरुणावरही. तुझी कृपा अमर्याद आहे." शांतता. मग खजिनदारांचा खोल गेलेला आवाज, "आमेन." बुधवारी पत्रे आले.

आणि पत्रे चढले की काही काळाने बदलीचा कागद येतो, हा जणू नियमच. निरोपाच्या दिवशी पाळकनिवासापुढे टेम्पो उभा. गाद्या, कपाट, मुलाची सायकल, बाईंची तुळशीच्या कुंडीशेजारची गुलाबाची कुंडी, सगळं चढलेलं. मंडळी गोल उभी राहिली. साखळी प्रार्थना. पहिल्या मावशी म्हणाल्या, "प्रभू, हे साहेब आमच्याकडे फार चांगले राहिले." साहेबांनी एक डोळा किलकिला करून बघितलं, आपल्याच साहेबांविषयी बोलतात ना, म्हणून. गायकमंडळाच्या पुढारणीने बाईंचे आभार मानले, आणि या वेळी पहिल्यांदा, साहेबांच्या आधी. सेक्रेटरी गहिवरले. ड्रमसेटवाला पोरगाही काहीतरी पुटपुटला. जी वाक्यं चार वर्षांत एकदा जरी उघड्या डोळ्यांनी म्हटली असती तरी साहेबांचं रक्त वाढलं असतं, ती सगळी त्या दिवशी देवाला सांगून झाली.

मग काकांची पाळी आली. "हे सर्वज्ञ पित्या, तुला सगळं ठाऊक आहे," काका म्हणाले आणि टेम्पोवाल्याने बिडी विझवून कानामागे ठेवली. काकांनी गेल्या चार वर्षांचा आढावा घेतला. मग नव्या पाळकाच्या विषयाला हात घातला. "प्रभू, आता जो सेवक पाठवशील तो प्रार्थनेत खंबीर असावा, पण प्रार्थना आटोपशीर करणारा असावा. तरुण असावा, पण अनुभवी असावा. उपदेश खोल असावा, पण वीस मिनिटांत. घरोघर भेटी देणारा असावा, पण आधी कुणाकडे जायचं याचं त्याला तारतम्य असावं. त्याच्या पत्नीला ऑर्गन वाजवता यावा, आणि प्रभू, शक्य असेल तर पुरणपोळीही..." काका श्वास घ्यायला थांबले.

"आमेन!" टेम्पोवाला म्हणाला. बिचारा देवगडचा वारकरी माणूस, शेवटी काय म्हणतात एवढंच त्याने ऐकून ठेवलं होतं आणि त्याला अंधार पडायच्या आत घाट उतरायचा होता. पण सवय ती सवय. अख्ख्या मंडळीने पाठोपाठ एका सुरात "आमेन" म्हटलं, डोळे उघडले आणि सगळे साहेबांशी हस्तांदोलन करायला पुढे सरकले. काका तोंड उघडं ठेवून मध्ये उभेच राहिले. पाळकसाहेब टेम्पोत चढता चढता वाकून ड्रायव्हरला विचारत होते, की रविवारी सकाळी तो मोकळा असतो का.